अमेरिकेत गेलेलं अळणी बिरडं

परवा दिवाळीचा फराळ नातीला अमेरिकेला पाठवायचा म्हणून कामोठ्याहून रिक्षा करून पनवेलला गेले. टपाल नाक्याच्या अलीकडे एक कुरियरचं दुकान झालंय, तिथे हल्ली फराळाचे डबे नुसते धडाधड परदेशी जातात. काउंटरवरच्या मुलाने माझ्यापुढे एक फॉर्म सरकवला आणि म्हणाला, "आजी, प्रत्येक पदार्थात काय काय घातलंय ते लिहा. तिकडे तपासतात." मी चष्मा लावला आणि चिवड्याच्या रकान्यात सगळ्यात आधी 'मीठ' लिहिलं. मग पोहे, दाणे, खोबरं वगैरे. त्याने वाचलं आणि हसला. "मीठ नसतं लिहिलं तरी चाललं असतं हो, ते असतंच."

"असतंच म्हणून तर लिहायचं," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असणार, कारण मागच्या बाईंनी मान वर करून पाहिलं. आता त्या बिचाऱ्याला काय सांगू, की एकदा आमच्या घरातून मिठाशिवायचं वालाचं बिरडं अमेरिकेला गेलं होतं, आणि जाऊन छापूनसुद्धा आलं होतं!

पावती घेतली आणि रिक्षा न करता आमच्या जुन्या गल्लीकडे चालू लागले. गुडघे कुरकुरत होते, पण म्हटलं, कुरकुरा मेल्यांनो, आज जायचंच.

आमचं घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या आणि मागे पडवी. गल्लीच्या तोंडाशी बैलगाडीची चाकं करणारे सुतार बसायचे. चाकावर धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवायच्या दिवशी लाल झालेली धाव पाण्यात जाताना असा काही चर्र आवाज यायचा की वर्गात बसूनही ऐकू यावा. पलीकडे भाताची गिरणी. तिच्या कोंड्याचा गोडूस, धुरकट वास आमच्या उशांच्या अभ्र्यांनासुद्धा असायचा. दुपारी वारा फिरला की खाडीचा वास यायचा, ओल्या चिखलाचा आणि मिठागरांचा. आणि हिवाळा सरता सरता वाल यायचे. कडवे वाल. ते आले की घराघरांतून भिजलेल्या वालांचा तो उग्र हिरवा वास सुटायचा. ज्यांना आवडत नाही ते नाकाला पदर लावतात, मला मात्र आजही त्या वासाने भूक लागते.

वाल सोलणं हा आमचा उद्योग. रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि मग पडवीत बसून एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. सालातून दाणा सुळकन बाहेर उडतो. माझी मोठी बहीण सुमन, आमची ताई, मुद्दाम दाणा माझ्या कपाळावर नेम धरून उडवायची. आई ओरडायची, "अगं, खायचं अन्न आहे ते!" आणि ओरडता ओरडता स्वतःच हसायची.

ही ताई एक दिवस लग्न करून जर्मनीला निघून गेली. लग्न तिने आपल्या मनाने केलं. का, कसं, कुणाचं काय चुकलं, ते मी आता उगाळत बसत नाही. उगाळून उगाळून त्यात काही उरलेलंही नाही. एवढंच आठवतं, की ती गेली त्या दिवसापासून बाबांनी तिचं नाव घेणं सोडलं. बाबा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. तापट नव्हते, ओरडायचे नाहीत, त्यांनी फक्त ते नाव आपल्या तोंडातून काढून टाकलं. बोलायची वेळ आलीच तर "तुमची थोरली" म्हणायचे. त्यांची नव्हेच जणू. आई मला एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "मला दुसरं काही नको गं. ह्यांनी एकदा तिला नावाने हाक मारलेली माझ्या कानांनी ऐकली पाहिजे." एवढंच मागणं होतं तिचं. देवापुढे दिवा लावतानाही तिचे ओठ हलत, आणि ते काय मागतायत हे मला पाठ झालं होतं.

ताईची पत्रं मात्र यायची. निळी, पातळ, हवाई टपालाची. पोस्टमन ती शाळेतच बाबांच्या हातात द्यायचा. बाबा ती न उघडता घरी आणून कंदिलाच्या कोनाड्यात ठेवायचे आणि एक अक्षर न बोलता कपडे बदलायला जायचे. ते फिरायला बाहेर पडले की आम्ही पत्रावर तुटून पडायचो.

काय काय असायचं त्या पत्रांत! आगबोटीवर पहिले तीन दिवस ती आडवीच होती. मग सुएझ आलं, दोन्ही बाजूंना वाळू आणि मधून बोट चाललेली, तेव्हा तिला वाटलं की आपण खाडीतूनच चाललोय आणि आत्ता पनवेलचं बंदर लागेल. इटलीत उतरल्यावर आगगाडी. बोगद्यात शिरताना उन्हाळा आणि बाहेर पडताना डोंगरभर बर्फ. मग हॅम्बुर्ग. मेहुणे तिथे जहाजांच्या कारखान्यात इंजिनियर होते. "इथे भाजीवाला ओरडत नाही," ताईने लिहिलं होतं. "दुकानात लोक कुजबुजतात, जणू आत कुणी आजारी आहे. बटाटा, कोबी, काळा पाव, पुन्हा बटाटा. बाईगं, मला खोकल्याच्या औषधाचीसुद्धा चव आवडायला लागलीय, निदान ती तिखट तरी आहे." आई हे ऐकून हसायची आणि दुसऱ्या क्षणी पदर डोळ्यांना लावायची.

उत्तर लिहायचं काम माझं. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते आणि माझ्या अक्षराचा मला फार गर्व होता. आईला वाचता यायचं, पण लिहायला बसली की तिचा हात जड व्हायचा. बाबा रोज दिवेलागणीला वडाळे तलावाला फेऱ्या मारायला जात. मोजून तीन फेऱ्या. तेवढाच वेळ आमचा. आई कंदील लावायची, देवाला नमस्कार करायची आणि म्हणायची, "हं, घे लिहायला. सुमनला आशीर्वाद."

आता इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. दिवे लागले की आमच्याकडे मिठाचं नाव घेत नसत. मीठ म्हणजे लक्ष्मी, तिन्हीसांजेला तिचं नाव घेतलं की ती घराबाहेर पडते, असं आईला तिच्या माहेरी, आपटा गावात, शिकवलेलं. शेजारणीला उसनं द्यायचं नाही, मागायचं नाही, तोंडातून शब्दसुद्धा काढायचा नाही. जेवताना आमटी अळणी लागली तर अंगठा पहिल्या दोन बोटांवर चोळून दाखवायचं, की बरणी पुढे येते. बाबा या गोष्टीची चेष्टा करायचे, पण पानावर बसले की तेही मुकाट्याने बोटं चोळायचे. लहानपणापासून बघत आलेलो, त्यामुळे आम्हाला त्यात काही वेगळं वाटतच नसे.

एक पत्र आलं त्याने आईची झोप उडाली. ताईच्या वरच्या मजल्यावर डोरथी नावाची एक अमेरिकन बाई राहायची. नवऱ्याबरोबर ती युरोपभर हिंडलेली, चार देशांत संसार मांडून मोडलेली. अमेरिकेतल्या बायकांच्या एका मासिकात ती लिहायची, परदेशांतल्या घराघरांत होणाऱ्या पारंपरिक पदार्थांबद्दल. इटलीतल्या घरमालकिणीचं लिहून झालं, ग्रीसमधल्या शिंपिणीचं झालं, आता तिला भारतातलं काहीतरी हवं होतं. तेही हॉटेलातलं नको, आईच्या हातचं हवं. "आई, मी हो म्हणून बसलेय," ताईने लिहिलं होतं, "पण मला तुझ्यासारखं सांगता कुठे येतं? तू बिरडं सांग. सगळं सांग. मी इंग्रजीत लिहीन आणि ते माझ्या नावाने छापून येईल."

"छापून!" आई म्हणाली. "सुमनचं नाव?" तिने पत्र माझ्या हातातून घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग एकदम उभी राहिली आणि पडवीत जाऊन वालांचा डबाच घेऊन आली, जणू तो समोर असल्याशिवाय तिला बोलता येणार नव्हतं.

ते बिरडं लिहून काढायला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या. "वाल किती?" मी विचारायची. "पसाभर." "अगं, अमेरिकेत पसा कुणाला कळणार?" मग बाबांच्या चहाच्या कपाने पसा मोजायचा. गूळ सुपारीएवढा. सुपारी तिकडे कुठली? मग सुपारी कपात टाकून बघायची. आमसुलं चार. लसूण ठेचलेला, चिरलेला नव्हे, "हे नीट लिही, चिरला तर वास मरतो." हिंग, हळद, तिखट, नारळाचं दूध शेवटी. झाकणावर पाणी ठेवून मंद वाफ. आई डोळे मिटून सांगायची, हात हवेत हलायचे, कढई जणू समोर होती. आणि दाणे बोटचेपे झाले या टप्प्याला आली की अंगठा दोन बोटांवर चोळायची. मी मान डोलावायची आणि पुढचं वाक्य लिहायची.

चारही संध्याकाळी हेच झालं. मला आजही ते अंगठ्याचं चोळणं दिसतं आणि वाटतं, अगं बये, तुझ्या त्या वळणदार अक्षराला आग लागो, एक शब्द लिहिला असतास तर!

पत्र गेलं. मग सहासात महिने काही नाही. पावसाळा आला, गेला. मिठागरांच्या गावातून पारूबाई मिठाची पाटी घेऊन सकाळी आमच्याकडे यायची. काळीसावळी, उंच, कपाळावर भलं मोठं कुंकू. आईशी तिचं भारी गूळपीठ. पाटी उतरवता उतरवता विचारायची, "बाय, तुमच्या मोट्या पोरीचा कागुद आला का नाय?" आई म्हणायची, "येईल गं." "येल, येल. दर्याच्या पलीकरं हाय ती, येल येल तवा येल," असं म्हणत पारूबाई मापाने मीठ ओतायची आणि वर एक मूठ जास्त टाकायची. ती मूठ मात्र आईने कधी नाकारली नाही.

आणि मग एक जाड पाकीट आलं. बाबांनी तेही मुकाट्याने कोनाड्यात ठेवलं. ते फिरायला गेल्यावर आम्ही ते उघडलं, तर गुळगुळीत कागदाचं, रंगीत चित्रांचं मासिक! मी पानं उलटत गेले आणि थांबले. ताईचं नाव. सुमन. इंग्रजीत, ठळक. खाली एका पांढऱ्या बशीत बिरडं आणि त्यावर कसलातरी पाला खोचलेला. "कोथिंबीर नव्हे ती," आई लगेच म्हणाली.

मी वाचायला लागले. वाचू शकत होते मी, हळूहळू का होईना. पण आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. "आत्ता नको. ते येऊ देत." मला कळेना. "ते आले की मग वाच. मोठ्याने वाच. आणि ऐक, जरा चुकत वाच."

माझी आई चार इयत्ता शिकलेली. पण काय डोकं होतं बाईचं!

बाबा आले, पाय धुतले, बाहेरच्या खोलीत वह्या तपासायला बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात कंदिलाजवळ बसून खणखणीत आवाजात सुरुवात केली. पहिल्या वाक्यात दोन उच्चार मारले. दुसऱ्यात तीन. बाहेर वहीचं पान उलटायचं थांबलं. तिसऱ्या वाक्यात मी असा काही शब्द तोडला की माझी मलाच लाज वाटली. "अगं काय चाललंय हे?" बाबा बाहेरून ओरडले. "कुणाचा खून पाडतेयस? आण इकडे!"

मी मासिक नेऊन दिलं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. बाबांनी नाव पाहिलं असणारच, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. एक वाक्य इंग्रजीत वाचायचे आणि मग आईसाठी मराठीत सांगायचे. वर्गात सांगतात तसं, सुटं सुटं. ताईने सुरुवातीला पनवेलबद्दल लिहिलं होतं, गिरणीच्या कोंड्याबद्दल, पडवीत वाल सोलण्याबद्दल. मग एक वाक्य आलं, ते बाबांनी इंग्रजीत वाचलं आणि मराठीत सांगितलंच नाही. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

"काही नाही."

"अहो, सांगा की."

"लिहिलंय की," बाबा म्हणाले, "पदार्थ आईचा आहे. आणि तो तुम्हाला ज्या इंग्रजीत वाचायला मिळतोय, ती इंग्रजी माझ्या वडिलांची."

बाबांनी घाईघाईने पुढची कृती वाचायला घेतली. वाल, भिजवणं, मोड, सोलणं, फोडणी. आईचे ओठ बरोबर हलत होते. गूळ आला, आमसुलं आली, नारळाचं दूध आलं, कृती संपली. बाबांनी पान उलटलं. परत मागे आले. बोट ठेवून वरपासून खालपर्यंत पाहिलं. आणि म्हणाले,

"मीठ कुठाय?"

"अहो!" आई दचकलीच. "दिवे लागलेत!"

"लागू देत! यात मीठ कुठाय?"

मी माझी कच्ची वही काढली. चार पानं शोधली. नव्हतं. कुठेच नव्हतं. मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे पाहिलं आणि नकळत तिचा अंगठा दोन बोटांवर फिरला. बाबांनी ते पाहिलं. आणि त्यांना जे हसू फुटलं! वह्या मांडीवरून खाली पडल्या. ताई गेल्यापासून तीन वर्षांत तो माणूस असा हसलेला मी पाहिला नव्हता. मीही हसायला लागले. पण आई मात्र चौकटीला धरून खाली बसली आणि रडायला लागली. "माझ्यामुळे पोरीची फजिती झाली. एवढ्या मोठ्या अमेरिकेत तिला हसतील. म्हणतील, हिच्या आईला मीठसुद्धा घालता येत नाही." आणि आपण दिवेलागणीला तो शब्द उच्चारला हे ध्यानात येऊन तिने जीभ चावली आणि आणखीच रडली.

दुसऱ्या दिवशी पारूबाईला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "अगो बाय! मिठाबिगर? मंग आमच्या आगरावाल्यांनी काय करावाचा?" आणि पाटीशेजारी बसून पोट धरून हसली. आईसुद्धा तेव्हा थोडी हसली.

त्या दिवशी सकाळी शाळेला जाण्याआधी बाबांनी माझ्याकडून एक निळं हवाई पत्र मागून घेतलं. उभ्याउभ्याच लिहिलं, चिकटवलं आणि खिशात घातलं. पण आई कसली ऐकते! तिने त्यांची वाट अडवली. "काय लिहिलंत ते वाचून दाखवा, मगच जा." बाबांनी नाइलाजाने तोंडी सांगितलं. "लेख वाचला. भाषा बरी आहे. कृतीत मीठ राहिले आहे. दुरुस्ती छापावी."

"वर काय लिहिलंत? सुमन लिहिलंत?"

"वर पत्ता लिहिलाय," बाबा म्हणाले आणि निघून गेले.

आई म्हणाली, "असू दे. लिहिलं तरी." पण तिचा चेहरा पडला होता, ते मला दिसत होतं.

ताईचं उत्तर पहिल्यांदाच बाबांच्या नावाने आलं. ते त्यांनी स्वतः उघडलं. वाचलं आणि मग कोनाड्यात न ठेवता आईच्या हातात दिलं. ताईने लिहिलं होतं की चूक तिच्याही लक्षात आली नव्हती. डोरथीसमोर तिने बिरडं करून दाखवलं होतं, मीठही घातलं होतं, पण हाताने, सवयीने, न बोलता. डोरथीला वाटलं, ही नुसती बोटं झटकतेय. मासिकाकडे वाचकांची बरीच पत्रं आली होती. कुणी चिडलं होतं, कुणी विचारलं होतं की भारतात हे आजाऱ्याला देतात का. पण एक पत्र वेगळं होतं. कुठल्याशा खेड्यातल्या एका म्हाताऱ्या बाईचं. तिच्या नवऱ्याला हृदयविकार, डॉक्टरांनी मीठ पूर्ण बंद केलेलं. दोन वर्षं तो पानावरून अर्धपोटी उठायचा. तिने हे बिरडं केलं, वाल कुठले मिळायला, तिकडच्या चपट्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचं. लसूण, आंबटासाठी लिंबू. आणि तो मागून मागून जेवला. "तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा," असं त्या बाईने लिहिलं होतं, "तिने हे माझ्याच घरासाठी सांगितलं असावं."

"बाबा," ताईने शेवटी विचारलं होतं, "डोरथी दुरुस्ती छापायला तयार आहे. पण हे पत्र वाचल्यावर मला छापवेना. तुम्ही सांगाल तसं करते."

आमचे बाबा म्हणजे ज्यांनी आयुष्यात कुणाची चूक सोडली नाही. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेतल्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवणारा माणूस. दोन दिवस ते पत्र त्यांच्या कोटाच्या खिशात होतं. तिसऱ्या दिवशी जेवताना आईला म्हणाले, "दुरुस्ती अशी करायला सांगतो, की मीठ ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे." आईने त्यांच्या पानात बिरडं वाढलं. पुढच्या अंकात ती ओळ तशीच छापून आली म्हणे.

आता त्या घराच्या जागी पाच मजली इमारत आहे. खाली मोबाइलचं दुकान, वर शिकवणीचे वर्ग. गिरणी नाही, सुतार नाहीत. तलावाला कठडा झालाय आणि पट्ट्याची विजार घातलेली माणसं कानात बोंडं खुपसून फेऱ्या मारतात, तीन काय तीस मारतात. मी थोडा वेळ एका दुकानाच्या पायरीवर टेकले. वास कशाचाच आला नाही, वडा तळल्याचा तेवढा आला. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, बाबा तिच्या आधी गेले. ताई गेल्यालाही आता वर्ष होईल. त्या दोन खोल्या ज्यांच्या डोळ्यांपुढे आहेत अशी मी एकटी उरले. वाईट वाटतं हो. कितीही हसून सांगितलं तरी वाटतंच.

पण त्या पायरीवर बसून मला एक दुपार लख्ख आठवली.

ताई शेवटी आली ती त्या मासिकानंतर तीन वर्षांनी. बोटीने मुंबई, मग ठाण्यामार्गे एस.टी. मेहुण्यांना रजा नव्हती, तिच्याबरोबर अडीच वर्षांची मुलगी. गोरी, गुबगुबीत, मराठी सगळं समजायची, पण तोंड उघडलं की घडाघडा जर्मन. बाबा स्टँडवर गेले, ट्रंक उचलून आणली, सगळं केलं. पण नाव? छे! "पाणी तापलंय म्हणावं." "जेवायला बसा म्हणावं." म्हणावं, म्हणावं! कुणाला म्हणावं? घरात मी आणि आई निरोप्यासारख्या या खोलीतून त्या खोलीत. ताई हसण्यावारी न्यायची, पण एकदा पडवीत वाल सोलताना मला म्हणाली, "मला आता त्यांच्या आवाजात माझं नाव कसं वाटायचं तेसुद्धा आठवत नाही." आमच्याकडे आठच दिवसांसाठी आलेली, पुढे सासरी जायचं होतं. सात दिवस गेले. आईने बोलणंच सोडलं होतं. ती नुसती कान देऊन असायची.

आठव्या दिवशी दुपारी आम्ही तिघी स्वयंपाकघरात होतो. ताईची ट्रंक बांधून दाराशी ठेवलेली. आई तिला बरोबर द्यायच्या सांडग्यांचं पुडकं बांधत होती आणि दोरा तिच्या हातून सारखा सुटत होता. बाहेरच्या खोलीत बाबा आणि ती पोर. पोर काहीतरी मागत होती. बाबांनी मराठीत विचारलं. मग इंग्रजीत विचारलं. तिने आणखी मोठ्याने जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं आणि पाय आपटला. बाबांनी गोष्टीचं पुस्तक दिलं, तिने फेकलं. खडीसाखर दिली, ती फेकली. मग तिने भोकाड पसरलं. आमच्या बाबांना, सबंध पनवेलला इंग्रजी शिकवलेल्या माणसाला, त्या चिमुरडीपुढे काही सुचेना.

"सुमे!" ते घाबऱ्याघुबऱ्या ओरडले. "अगं सुमे, ही काय म्हणतेय बघ गं!"

आईच्या हातातलं पुडकं खाली पडलं. ताई जागच्या जागी उभी. ती आईकडे बघत राहिली, डोळे नुसते वाहत होते. बाहेर पोर रडत होती आणि बाबा पुन्हा हाक मारत होते. आईने पुढे होऊन ताईच्या पाठीत एक धपाटा घातला.

"अगं, बघतेस काय माझ्याकडे? ओ दे त्यांना. ओ दे!"